मॅडमनी सांगितलंय

बी.एड.च्या पहिल्या वर्षी मानसशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न आला होता. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीवर समवयस्क गट आणि भावनिक समायोजन यांचा होणारा परिणाम स्पष्ट करा. दहा गुण.

मी पेन धरून तीन-चार मिनिटं नुसती बसून राहिले. आजूबाजूच्या मुली भराभरा लिहीत होत्या, कारण उत्तर गाइडमध्ये होतं आणि मुद्दे ठरलेले होते. मलाही ते पाठ होते. पण माझे कान तापले होते. म्हणजे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचा पेपर असतो, त्याला गुण असतात, तो सुटल्याशिवाय कुणाला मास्तरीण होता येत नाही. माझ्या नववी-दहावीच्या वर्गशिक्षिकेनेही हा प्रश्न कधीतरी सोडवला असणार, बहुधा चांगले गुण घेऊन. आणि तरीही तिने जे केलं ते केलं.

शेवटी मी पाठ केलेलं उत्तरच लिहिलं. दहापैकी आठ मिळाले. त्या दिवशी जे लिहायचं होतं ते आता लिहिते आहे.

ती मुलगी आमच्या वर्गात आठवीत आली. पिशोर गावची. तिथल्या शाळेत तिचा पहिला-दुसरा नंबर यायचा म्हणून तिच्या वडिलांनी तिला औरंगाबाद शहरात, मुकुंदवाडीला मावशीकडे ठेवलं होतं. माझे वडील वाळूजला कंपनीत. शिफ्टची बस आमच्या कोपऱ्यावर थांबायची, आणि कोणत्या आठवड्यात वडील जेवायला घरी असतील आणि कोणत्या आठवड्यात नसतील ते त्या बसवर ठरायचं. घरी आई, मी आणि धाकटा भाऊ. आई स्वतः नववीत शाळेतून निघालेली. माझ्या मार्कांकडे ती एखाद्या तापाच्या पेशंटकडे बघावं तशी बघायची, सकाळ-संध्याकाळ.

पहिल्याच दिवशी सरांनी त्या नव्या मुलीला विचारलं, पुस्तकं घेतली का. ती उभी राहून मोठ्याने म्हणाली, "व्हय." सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर महिनाभर ती होकाराला फक्त मान हलवायची. माझ्या बाकावर जागा होती म्हणून तिला माझ्याशेजारी बसवलं. आमच्या मैत्रीची सुरुवात इतकी साधी होती.

मला गणिताची भीती वाटायची. नुसतं आवडत नाही असं नाही. पेपर हातात आला की तळहात ओले व्हायचे आणि आकडे एकमेकांत मिसळायचे. गणिताला मॅडम होत्या, पुढे नववी-दहावीला त्याच वर्गशिक्षिका झाल्या; वर्गात त्या फळ्यावर गणित सोडवायच्या तेव्हा सगळं कळायचं, घरी वही उघडली की कोरं. तिचं उलट. गणित तिला तोंडी यायचं, पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की ती पाटीवर चालणाऱ्या मुंगीसारखी अक्षरामागून अक्षर सरकायची. आम्ही ठरवून काही केलं नाही. डबा खाऊन झाला की जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचो. मी तिला धडा वाचून दाखवायचे, ती मला गणित सांगायची.

गुणोत्तर-प्रमाण मला तिने औषधाच्या पंपावर शिकवलं. त्यांच्या शेतात अद्रक होती. पाठीवरच्या पंपात पंधरा लिटर पाणी बसतं, त्याला तीस मिली औषध. "आता समज, पंप भरलाच नाय, दहाच लिटर पाणी हाय. किती वतशील?" मी म्हणाले, वीस. "मग तुला येतंय की. आणि रडतीस कशाला?" पेपरात घाबरायला झालं तर काय करायचं तेही तिनेच सांगितलं. सगळा पेपर वाचायचा नाही. सगळ्यांत सोपं गणित हुडकायचं, ते पूर्ण करायचं, मग पान उलटायचं. मॅडम गणित चांगलं शिकवायच्या, हे मला कबूल आहे. पण माझे हात ओले होतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तिला माहीत होतं.

आठवीच्या शेवटी मला गणिताच्या चाचणीत वीसपैकी सतरा मिळाले. आधी नऊच्या वर कधी गेले नव्हते. माझ्या आईने त्याचं श्रेय भिजवलेल्या बदामांना दिलं. मॅडमनी स्वतःला दिलं असावं. तिला कुणी दिलं नाही, मीही घरी येऊन तसं सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच मला कळलं नव्हतं.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती पिशोरला गेली आणि तिची आई वारली. साधा ताप होता म्हणे. चौथ्या दिवशी गेली. शाळा सुरू झाल्यावर आठ-दहा दिवस बाक रिकामा होता. मग ती वडिलांबरोबर आली. वडिलांच्या हातात रजेचा अर्ज होता, त्यात सरळ लिहिलं होतं, मुलीची आई वारल्यामुळे. मॅडमनी तो वर्गाच्या दारात उभं राहून वाचला, सही केली, टेबलाच्या खणात ठेवला. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, झालं ते झालं, आता जोमाने अभ्यासाला लाग. आवाज मऊ होता. मॅडमचा आवाज नेहमीच मऊ असायचा. मला आज सगळ्यांत जास्त राग त्या आवाजाचाच येतो, कारण तो ऐकताना कुणालाही वाटायचं की काही वाईट घडत नाहीये.

तिसऱ्या दिवशी घटक चाचणी होती. तिला वीसपैकी सहा मिळाले.

मी तिच्या शेजारीच बसले होते, म्हणून मला माहीत आहे. तिने पेपर घेतला, नाव लिहिलं, आणि पहिल्या गणिताकडे बघत राहिली. मधल्या सुट्टीत मी विचारलं तर म्हणाली, "गणित येतंय. दिसतंय बी. हात हालत नाय." मग म्हणाली, तिच्या आईला नेमकं काय झालं होतं ते घरात कुणी नीट सांगत नाही. विचारलं की मोठी माणसं म्हणतात, देवाची मर्जी.

मग ती स्वतःच हिशेब करायला लागली. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तिने वेळा लिहिल्या होत्या. सोमवार सकाळी ताप. मंगळवार दुपारी गावातला डॉक्टर. बुधवारी रात्री दहा, बोलणं बंद. गुरुवारी पहाटे पाच, जीप. साडेसहा, कन्नड. नऊ, औरंगाबाद. खाली दुसरा तक्ता. जीप बुधवारी रात्रीच निघाली असती तर. तिसरा, मंगळवारीच कन्नडला नेलं असतं तर. प्रत्येक तक्त्याच्या शेवटी, आईचं पुढे काय झालं असतं ती जागा कोरी सोडलेली. ती तास चालू असताना ते पान उघडून बसायची आणि एखादी वेळ खोडून दुसरी लिहायची. मला दाखवायची. मी काय बोलणार? मी चौदा वर्षांची होते. मी नुसती बघायचे, आणि डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवायचे.

पंधरा दिवसांनी मॅडमनी वह्या तपासायला घेतल्या. तिची वही परत आली तेव्हा त्या मागच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: वहीत फालतू लिखाण करू नये. खाली सही आणि तारीख.

तिने ते वाचलं, पान फाडलं नाही, वही दप्तरात ठेवली आणि पुढचा तास सुरू झाला. मला त्या दिवशी राग आला नाही. मला भीती वाटली, आता मॅडम आपल्यालाही रागावतील अशी. राग यायला मला आणखी कितीतरी वर्षं लागली, आणि आला तो असा आला की आता जाता जात नाही. त्या पानावर आईचं नाव नव्हतं, मान्य. पण दिवस होते, वेळा होत्या, गावं होती, आणि रजेचा अर्ज त्यांच्याच खणात होता. दोन कागद शेजारी ठेवायला किती वेळ लागतो?

त्या वर्षी आमच्या शाळेने दहावीसाठी विशेष तुकडी करायची ठरवली. नववीच्या निकालातले पहिले चाळीस अ तुकडीत, त्यांना चांगले शिक्षक, सकाळचे जादा तास. उरलेले ब आणि क मध्ये. मुख्याध्यापक प्रार्थनेनंतर बोलले, पुढच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, चौकात फ्लेक्स लागला पाहिजे. यादी सूचनाफलकावर लागली. माझा एकतिसावा नंबर होता. तिचं नाव क मध्ये.

एप्रिलच्या शेवटी पालकसभा झाली. माझी आई साडी बदलून, वेणी घालून आली, एखाद्या लग्नाला यावं तशी. मॅडमनी तिला बाजूला घेतलं आणि जे सांगितलं ते आईने घरी येऊन मला शब्द न शब्द ऐकवलं. तुमची मुलगी चांगली आहे, पण संगत बघा. ती मुलगी आता अभ्यासातून उठलेली आहे. एका नासक्या आंब्याने सगळी अढी नासते.

तिची आई गेलीय हे तू मॅडमना सांगितलंस का, असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, ते त्यांना माहीत असेल ना. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्यापासून तिच्याशी बोलायचं नाही. एक वर्षाचा प्रश्न आहे." वडील रात्रपाळीहून येऊन झोपले होते, त्यांनी पडल्या पडल्याच सांगितलं, मॅडम शिकलेल्या आहेत, त्या सांगतात तर काहीतरी असेल.

मी भांडले नाही. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहायलाच हवं. मी एका शब्दाने भांडले नाही. माझं नाव यादीत होतं, आणि ते यादीत राहावं असं मला वाटत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. सुट्टीत पिशोरला जाऊन आली होती, काळवंडली होती. मला बघून तिने हात वर केला. मी बाटली भरली आणि तिच्या समोरून निघून गेले. तिला वाटलं असेल, दिसली नाही. शाळा सुटल्यावर ती सायकल स्टँडपाशी थांबली होती. तिने विचारलं, काय झालं. मी सायकलचं कुलूप काढत, मान खाली घालून म्हणाले, "मॅडमनी सांगितलंय, आपण बोलायचं नाही."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. का, असं विचारलं नाही. मी सायकल काढली, माझा पाय पायडलवरून दोनदा घसरला, ती बाजूला सरकली आणि तिने मला जायला वाट दिली.

अ तुकडीत चाळीस जण होते आणि चाळीसही जण कोपराने वही झाकून लिहायचे. कुणाला काही विचारलं की उत्तर यायचं, मला पण नाही आलं. घरी जाऊन बघितलं की त्याचं उत्तर बरोबर असायचं. दर शनिवारी चाचणी, दर सोमवारी भिंतीवर नंबर. माझे हात परत ओले व्हायला लागले. सोपं गणित हुडकायला डोळे फिरवायचे आणि सगळीच अवघड दिसायची. घरी पुस्तक उघडलं की मला ते पायडल आठवायचं. ऑगस्टच्या चाचणीत चाळीसपैकी तेरा मिळाले.

मग सगळ्यांनी कारण शोधायला घेतलं. आईने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, चष्म्याचा नंबर निघाला नाही. टॉनिक आणलं. टीव्हीची केबल तोडली, त्यात बिचाऱ्या भावाचं कार्टून गेलं. वडिलांनी ओव्हरटाइम घेऊन शिकवणी लावली, पत्र्याच्या शेडमधली, तिथे साठ मुलं. मला मनातलं कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरात ताप विचारला जायचा, पोट विचारलं जायचं. मनाला काही होतं हे कुणाच्या गावीच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. चार-पाच शिक्षक डबे खात बसले होते. मॅडमनी विचारलं, अजून भेटतेस का तिला? मी नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी शिपाईमामांना क तुकडीत पाठवलं आणि तिला बोलावून घेतलं.

ती येऊन दारात उभी राहिली. जूननंतर पहिल्यांदा आम्ही इतक्या जवळ उभ्या होतो. तिची वेणी सुटलेली होती. मॅडम तिला त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळा, तुझं नुकसान झालं ते झालं. हिचं कशाला करतेस?"

"आमी तीन म्हैने झाले बोललो नाय, मॅडम."

"मग हिचे मार्क कशाने कमी झाले?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, वाट बघत असल्यासारखं. मग म्हणाली, "तिलाच विचारा."

स्टाफरूममध्ये सगळे थांबले. एका सरांचा घास हातातच होता. मॅडम माझ्याकडे वळल्या. उत्तर माझ्या घशात होतं. मला गणित ती शिकवायची. तुम्ही ते बंद केलं. तिची आई गेली तेव्हा तुम्ही तिच्या वहीत काय लिहिलं ते बघा. तीन वाक्यं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "डोकं दुखतं, मॅडम."

मॅडमनी मान डोलावली. तिला जायला सांगितलं. ती गेली.

आयुष्यात मी पुढे खोटं बोललेच असेन. पण एवढं स्वस्त खोटं मी पुन्हा बोलले नाही.

ऑक्टोबरमध्ये क तुकडीतल्या नऊ जणांच्या पालकांना शाळेत बोलावलं. मी हजेरीपट द्यायला ऑफिसात गेले होते. तिचे वडील क्लार्कच्या टेबलासमोर उभे होते, खुर्ची रिकामी होती तरी. क्लार्क त्यांना समजावत होता की मुलगी नियमित परीक्षेत नापास होईल, वर्ष वाया जाईल. त्यापेक्षा दाखला घ्या, गावाकडून सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षेला बसवा. नियमात बसवून देतो, काळजी नको. निकालाचं एका शब्दानेही बोलला नाही. सतरा नंबरवाले शाळेच्या टक्केवारीत धरले जात नाहीत, हे मला नंतर समजलं. तिच्या वडिलांना तर कधीच कुणी सांगितलं नसेल.

त्यांनी एकच विचारलं, "पोरगी परीक्षेला तर बसंल ना?" क्लार्क म्हणाला, बसेल की. त्यांनी सही केली. हळूहळू, एकेक अक्षर नीट काढून.

त्या दिवशी दुपारी ती दप्तर घेऊन गेली. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिलं. खाली जायला दोन जिने होते. मी गेले नाही.

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पहिल्या दहा जणांचे फोटो आणि मॅडमचा फोटो. मला सहासष्ट टक्के मिळाले. गणितात अठ्ठावन्न. आई दोन दिवस जेवली नाही, जणू घरात कुणी गेलंय. तिसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. जिना, पंप, वही, स्टाफरूम. ती भांडी घासत होती. ऐकून म्हणाली, "मग तू तेव्हा का नाही बोललीस?" मी म्हणाले, तू विचारलंस का? त्यावरून आमचं जे भांडण झालं तसं आधी कधी झालं नव्हतं. शेवटी आई रडायला लागली. म्हणाली, मला शाळेतलं काय कळतं, शिकलेल्या बाईने सांगितलं म्हणून ऐकलं. ते खरं होतं. म्हणून तर माझा राग तिच्यावर फार टिकत नाही. ज्यांना कळत होतं त्यांच्यावर टिकतो.

मागच्या वर्षी बी.एड.च्या सरावपाठांसाठी माझी नेमणूक नेमकी त्याच शाळेत झाली. मॅडम आता उपमुख्याध्यापिका आहेत. त्यांनी मला ओळखलं, चहा पाजला, आमची विद्यार्थिनी शिक्षिका होते आहे म्हणून सगळ्यांना सांगितलं. शेवटच्या आठवड्यात मी धीर करून त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं, मॅडम, पिशोरची एक मुलगी होती, आठवीत आली होती, तिची आई वारली होती, आठवते का?

त्यांनी खरंच आठवून बघितलं. डोळे मिटून. मग म्हणाल्या, "नाही गं. कोणत्या बॅचची?"

बॅच सांगितली तर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, त्या वर्षी आपला निकाल शंभर टक्के होता.

मी उभी राहून सगळं सांगितलं. लाल शाईत काय लिहिलं होतं तेही. शेवटी त्या म्हणाल्या, इतकी मुलं असतात, प्रत्येकीच्या घरचं कुठवर बघणार, आणि मी जे सांगितलं ते तुझ्याच भल्यासाठी सांगितलं. आवाज तसाच मऊ. मग त्यांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं होतं, एवढं बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. काही वाटलं नाही. बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात मुली रांगेने प्रयोगशाळेकडे चालल्या होत्या. माझ्या सरावपाठांच्या अहवालात त्यांनी शेरा लिहिला: विषयज्ञान उत्तम, स्वभाव थोडा भावनाप्रधान.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी तिला शोधून काढलं. फार अवघड नव्हतं. मावशी अजून मुकुंदवाडीतच होती. इतकी वर्षं मला ते का सुचलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. मला सुचवून घ्यायचं नव्हतं. मावशीने सांगितलं, ती बिडकीनला नवीन कंपनीत लागली आहे, माल तपासायच्या कामावर, दोन मुलींबरोबर खोली करून राहते.

रविवारी दुपारी मी गेले. तिने दार उघडलं, ओळखलं, आत ये म्हणाली. खोलीत तीन कॉट, दोरीवर कंपनीचे शर्ट वाळत घातलेले. तिने पोहे केले. दहावीला सत्तावन्न टक्के पडले होते, म्हणाली. इंग्रजीत कसंबसं सुटले. गणितात एकाहत्तर. कुणी शिकवलं, मी विचारलं. कुणी नाही. पिशोरला गेल्यावर वडिलांनी तिला एक दिवस समोर बसवून आईच्या त्या चार दिवसांचं सगळं सांगितलं होतं. डॉक्टर काय म्हणाला, जीप का मिळाली नाही, सगळं. ते स्वतः रडत होते. "मग हात हालाया लागला," ती म्हणाली.

बापाने एकदा खरं सांगितलं, एवढ्याने. शाळेत शंभर माणसं होती आणि एकालाही तेवढं जमलं नाही, मला तर नाहीच.

मी मॅडमना भेटल्याचं सांगितलं, काय काय बोलले ते सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती बशीतले शेंगदाणे बोटाने बाजूला करत होती. म्हणाली, "मॅडमचा मला कधी राग नाय आला. त्या तशाच व्हत्या. मला तुझा आला. लई आला."

मी म्हणाले, मला माफ कर.

"कर म्हणतीस तर करते," ती म्हणाली. "पन त्यानं काय व्हतंय आता?"

ती हे टोचून बोलली नाही. खरोखरच विचारत होती. तिची दुसरी पाळी होती, साडेतीनची. तिने दोरीवरचा शर्ट काढून त्याला इस्त्री केली, केस बांधले. आम्ही दोघी रस्त्यापर्यंत चालत गेलो. कंपनीची बस आली, ती चढली, खिडकीजवळ बसली, शेजारच्या मुलीशी काहीतरी बोलायला लागली. मी समोरच्या स्टॉपवर शहराकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिले.

आता जूनपासून मी एका शाळेत शिकवते. आठवीचा वर्ग आहे. मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांनी सांगितलं, मागच्या बाकावरच्या त्या दोघी फार बोलतात, मार्क घसरलेत, त्यांना वेगळं बसवा. मी म्हणाले, आधी त्यांच्याशी बोलते. ते म्हणाले, त्यात काय बोलायचं? माझा आवाज माझ्या हातात राहिला नाही. मी काय काय बोलले ते पूर्ण आठवत नाही, पण शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. मी त्यावर पोच म्हणून सही केली. त्या दोघी अजून एकाच बाकावर बसतात.